जसं ऐकलं तसं

आई गेली त्याच्या आदल्या दिवशी, फेब्रुवारीतल्या एका रविवारी, आम्ही दोघी बार्शीच्या घरात दुपारभर चिंचा फोडत बसलो होतो. शेजारच्या क्षीरसागर काकूंनी पाटीभर पाठवल्या होत्या. आई टरफलं काढायची, मी चिंचोके. मी पुण्याहून महिन्यातून एकदा यायचे. आल्यावर आमच्यात बोलण्यासारखं फारसं नसायचं, त्यामुळे हाताला काम असलं की दोघींनाही बरं वाटायचं.

त्या दिवशी तिने माझ्या नोकरीबद्दल विचारलं. एरवी विचारत नसे. जातीवरून, धर्मावरून, रंगावरून, बोलण्यावरून शाळेत आणि मोबाइलवर होणारा छळ मुलांनी सांगावा म्हणून राज्याने एक यंत्रणा उभी केली होती. तिच्या भाषा विभागात मी आहे, एवढंच तिला माहीत होतं. मुलं खरंच सांगतात का, असं तिने विचारलं. मी तिला आकडा दिला. पूर्वी शंभरातली सात सांगायची, आता एकतीस सांगतात.

"आणि राहिलेली एकोणसत्तर?" आई म्हणाली.

मी हसले. तुझी पेपर तपासायची सवय जायची नाही, म्हटलं. बत्तीस वर्षं तिने गावातल्या एका शाळेत मराठी शिकवलं होतं. तिला आधी राहिलेलं दिसायचं. थोड्या वेळाने तिने विचारलं, मोठ्या माणसांनाही त्यात काही सांगता येतं का. मी फोनमध्ये काहीतरी बघत होते. येतं की, म्हटलं, आता जुन्या वर्षांच्या नोंदीही घेतो, माजी विद्यार्थी, शिक्षक, कुणीही करू शकतं. अवघड असतं का? नाही गं, फोनच्या पडद्यावरच सगळं विचारतात, आपण फक्त बोलायचं.

"बरं," ती म्हणाली, आणि पुढची चिंच घेतली. चारच्या एसटीने मी पुण्याला आले.

सोमवारी सकाळी सव्वासातला काकूंचा फोन आला. आई अंगणात तोंड धुताधुता पडली होती. मेंदूत रक्तस्राव, डॉक्टर म्हणाले, दोन मिनिटंही लागली नसतील. मी पोचले तोवर अंगण कुणीतरी झाडून घेतलं होतं.

अकराव्या दिवशी सगळी पाहुणेमंडळी परतली आणि मी आईची कपाटं लावायला घेतली. तेव्हा फोनवर एक निरोप आला. मजकूर माझ्याच विभागात तयार झालेला होता. त्यातलं एक वाक्य मीच कधीतरी नीट करून दिलं होतं.

"श्रीमती रत्नमाला आवघडे यांची एक नोंद जोडीच्या प्रतीक्षेत आहे. वारस म्हणून आपणांस कळविण्यात येते की, नोंद करणाऱ्या व्यक्तीच्या मृत्यूनंतर नव्वद दिवसांत जोड न मिळाल्यास ती नष्ट होईल." खाली शाळेचं नाव, वर्ष २०१३–१४, आणि एक तांत्रिक ओळ: "प्रमाणीकरण: नाही." नोंदीची तारीख त्या रविवारची होती, वेळ संध्याकाळी सहाची. मी तेव्हा टेंभुर्णीच्या पुढे कुठेतरी एसटीच्या खिडकीला डोकं टेकून झोपले होते.

दोन हजार तेरा-चौदा साली मी आठवीत होते. त्याच शाळेत.

ही यंत्रणा कशी चालते ते इथे सांगायला हवं. मुलं छळाबद्दल बोलत नाहीत, याचा अभ्यास झाला तेव्हा असं दिसलं, की त्यांना छळणाऱ्याची भीती असते, पण त्याहून मोठी भीती एकटं पडण्याची असते. आपण सांगितलं आणि दुसरं कुणीच बोललं नाही तर? म्हणून 'जोडनोंद' निघाली. मूल पडद्यासमोर बोलतं, यंत्र त्या बोलण्याचं लेखी करतं आणि त्यातून तीन गोष्टी उचलतं: शाळा, वर्ष आणि टोमणा, म्हणजे ज्या शब्दाने छळलं तो शब्द. या तिन्हींवर गणित करून एक किल्ली तयार होते आणि त्या किल्लीने नोंद बंद केली जाते. किल्ली कुठेही ठेवली जात नाही. मुख्याध्यापक, पोलीस, आम्ही, कुणालाच ती नोंद उघडता येत नाही. पण त्याच शाळेतल्या, त्याच वर्षाच्या, दुसऱ्या कुणाच्या तोंडून तोच शब्द आला, की तीच किल्ली पुन्हा तयार होते आणि दोन्ही नोंदी एकाच क्षणी उघडतात. सांगणारं कुणीही एकटं उघड्यावर येत नाही.

यात माझं काम प्रमाणीकरणाचं. पहिल्या वर्षी उघडलेल्या नोंदी समुपदेशक वाचायचे आणि शेरे लिहायचे. एका मुलीने "तिनं मला लई हानलं" असं सांगितलं होतं, तिच्या नोंदीवर 'अतिशयोक्तीची शक्यता' असा शेरा होता. दुसरीने "तिने मला खूप मारलं" असं सांगितलं, तर तिथे 'गंभीर' असं लिहिलेलं. असे दोनशे शेरे मी जमवले आणि मग यंत्रासाठी एक गाळणी लिहिली. मूल कसंही बोलो, यंत्र ते प्रमाण मराठीत लिहील. 'व्हतं'चं 'होतं', 'न्हाई'चं 'नाही', 'कोन'चं 'कोण'. हे मूल कुठल्या वस्तीतून आलंय ते वाचणाऱ्याला कळूच नये. माझं त्याबद्दल खूप कौतुक झालं. मलाही वाटलं, आयुष्यात एक काम नीट झालं.

ण आणि न यांतला फरक मला आईने शिकवला होता. आम्ही मातंग. माझे आजोबा हलगी वाजवायचे. आईच्या माहेरी सगळे न म्हणत, आणि तीही तिथे गेली की न म्हणायची. शाळेच्या फाटकात शिरताना मात्र ती तिची बोली चपलेसारखी बाहेर काढून ठेवायची. आडनावावरून ज्यांना कळायचं त्यांना कळतच होतं, पण तिच्या बोलण्यावरून कधी कुणाला कळलं नसतं. तिने माझं नाव कल्याणी ठेवलं. माझ्या मामाला ते आजही म्हणता येत नाही.

पुण्याला परतल्यावर मी निलोफरला गाठलं. किल्ल्यांचं गणित तिच्याकडे आहे. आम्ही नऊ वर्षं शेजारी बसतो.

"उघडता येत नाही, हे तुलाच मला सांगावं लागणार का?" ती म्हणाली. "मंत्र्यांच्या पीएला मी हेच सांगते. तो निदान चहा तरी पाजतो."

मी म्हटलं, मला उघडायला नको, मला मार्ग हवा. तिने कीबोर्ड बाजूला सारला. मग म्हणाली, मार्ग एकच, तूही नोंद करायची. त्या वर्षी तू शाळेत होतीस. तुला कुणी काही म्हणालं असेल तर ते सांग, जे खरं असेल तेच सांग. अंदाजाने कुलूप उघडू नये म्हणून एका माणसाला वर्षाला तीनच संधी असतात, ते मला माहीत होतं.

"तू कधी केलीस?" मी विचारलं.

"केलीय ना. सातवीची. चार वर्षं झाली." तिने खुर्ची पडद्याकडे वळवली. "अजून कुणी आलं नाही. वर्गात चाळीस जणी होत्या."

पहिल्यांदा मी बाकावर कोरलेला शब्द सांगितला. आठवीत माझ्या बाकावर कुणीतरी कर्कटकाने आमच्या जातीचं नाव कोरलं होतं. वर्षभर मी त्यावर वही ठेवून लिहिलं. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, आणि आता विभागातल्या छोट्या खोलीत यंत्राला सांगताना माझा आवाज कार्यालयीन वाटत होता. पडद्यावर आलं: तुमची नोंद सुरक्षित आहे. जोड मिळाली नाही.

आईने बाक पाहिलाच नसेल. मग तिने काय पाहिलं, काय ऐकलं? खरं तर पहिल्यापासून मला माहीत होतं. बाकाचं सांगणं सोपं होतं म्हणून ते आधी सांगितलं.

आठवीच्या डिसेंबरात प्रार्थनेच्या रांगेत मला चक्कर आली. उपाशी होते, एवढंच. सगळी शाळा मैदानात उभी होती. शिक्षकांच्या ओळीतून आई धावत आली आणि ओरडली, "कल्यानी! कुनीतरी पानी आना, पानी!" मराठीच्या आवघडे बाई, ज्या ण चुकला तर शब्द दहादा लिहायला लावत, त्या आठशे मुलांसमोर असं ओरडल्या. मागच्या रांगांतून हसू आलं.

दुसऱ्या दिवसापासून माझं नाव 'पानी' झालं. वर्गात शिरले की 'पानी'. हजेरीला माझं नाव आलं की कुठून तरी हळूच, 'पानी'. मधल्या सुट्टीत मुली आपापल्या बाटल्या छातीशी धरून म्हणायच्या, पानी पायजे का गं? आणि कुणीच देत नसे. यात एकही शिवी नव्हती. तक्रार करायची तर काय करणार, मला पाणी म्हणतात? आणि कुणाकडे? ज्या बाईंकडे तक्रार करायची त्यांचंच ते वाक्य होतं.

आईला मी काही सांगितलं नाही. तीही काही म्हणाली नाही. फक्त त्या हिवाळ्यात रोज संध्याकाळी तिने मला समोर बसवून घोकून घेतलं. बाण, खाण, लोणी, पाणी, जीभ वर वळव, आणखी वर. मला ण आधीपासून येत होता.

चार वर्षांपूर्वी आमच्या दहावीच्या बॅचचा मोबाइलवर गट निघाला. मी त्यात आले आणि दोन मिनिटांत कुणीतरी लिहिलं, "आली का पानी!" खाली अठरा हसरे चेहरे. तोवर मी जोडनोंदीत पाच वर्षं काम करत होते. शाळाशाळांत जाऊन, मुलांनो बोला, असं सांगत होते. मी एकोणिसावा हसरा चेहरा टाकला.

दुसऱ्या खेपेला मी हे सगळं यंत्राला सांगितलं, अठरा चेहऱ्यांसकट. टोमणा म्हणून पडद्यावर शब्द उमटला: पाणी. खाली प्रश्न आला, बरोबर आहे का? मी 'हो' दाबलं. तुमची नोंद सुरक्षित आहे. जोड मिळाली नाही.

मला ते पटेना. आईने दुसरं काय सांगितलं असणार? आपली स्वतःची नोंद माणसाला पाहता येते, म्हणून मी माझी उघडून पाहिली. टोमण्याची जागा रिकामी होती.

मग समजलं. नेहमीचे शब्द टोमणा म्हणून धरले जात नाहीत. घर, डबा, पाणी, खिडकी असे हजारभर शब्द आम्ही वगळले होते, नाहीतर सगळ्यांच्या किल्ल्या सगळ्यांना लागल्या असत्या. 'पानी' हा शब्द त्या यादीत नव्हता. माझ्या गाळणीने त्याचं 'पाणी' केलं आणि यादीने ते टाकून दिलं. टोमणा नाही तर किल्लीही नाही. अशी नोंद कधीच उघडणार नव्हती. मुलाला तसं सांगितलं तर ते पुन्हा कधी बोलणार नाही, म्हणून आम्ही कुणाचीच नोंद नाकारत नव्हतो. सगळ्यांना एकच उत्तर जायचं, नोंद सुरक्षित आहे.

रिकाम्या जागेच्या नोंदी किती आहेत, मी निलोफरला विचारलं. तिने काढून दाखवलं. चार हजार एकशे बारा.

"आम्हाला वाटायचं, पोरं सांगायला विसरतात," ती म्हणाली. "पण 'बरोबर आहे का' असं विचारतो ना आपण. तीनदा 'नाही' दाबलं की जसं ऐकलं तसं ठेवतं यंत्र. ती सोय तूच मागितली होतीस. कुणी दाबतच नाही गं."

कसं दाबतील? पहिलीपासून ज्यांच्या वहीत लाल शाईने न खोडून ण लिहिला जातो, त्यांना पडद्यावर ण दिसला की वाटतं, चूक आपल्याच तोंडाची होती. यंत्राने नीट लिहिलंय. ती मुलं 'हो' दाबतात आणि घरी जातात. मला हे सुचायला हवं होतं. विभागात ज्यांना सुचू शकलं असतं, अशी मी एकटीच होते.

त्याच दिवशी मी गाळणी बंद करण्याची टिपणी लिहून वर पाठवली. चार हजार एकशे बारा मुलांना पुन्हा विचारावं लागेल, आणि त्यांतली किती पुन्हा सांगतील हे कुणालाच सांगता येणार नाही, असंही लिहिलं. वरून विचारणा झाली, ही चूक लक्षात कशी आली? उत्तर देणं मी पुढे ढकललं.

आईच्या निरोपातली ती तांत्रिक ओळ आता मला नीट वाचता आली. प्रमाणीकरण: नाही. सत्तर वर्षांच्या त्या बाईने पडद्यावर शुद्ध लिहिलेला शब्द पाहिला होता, आणि तीनदा 'नाही' दाबलं होतं.

एक संधी उरली होती आणि सव्वीस दिवस. मी घाई केली नाही. खरं कारण असं, की मला 'पानी' म्हणता येत नव्हतं. स्वयंपाकघरात उभी राहून मी म्हणून पाहायचे. जीभ आपोआप वर वळायची. पंचवीस वर्षांत मी तो शब्द तसा उच्चारला नव्हता. निलोफरच्या मते 'नाही' तीनदा दाबल्यावर यंत्र केवळ ध्वनी घेतं, त्यात अर्धामुर्धा ण आला तरी किल्ली बदलेल. मला न म्हणायची एकच रीत येत होती, ती म्हणजे आईच्या आवाजात. ती मला चांगली येत होती. ती वापरायची नाही, असं मी कधीच ठरवून टाकलं होतं.

एप्रिलमधल्या एका शनिवारी, सुट्टीच्या दिवशी, मी विभागात गेले. छोट्या खोलीचं दार लावून घेतलं. शाळा सांगितली, वर्ष सांगितलं. मग डोळे मिटले, आवाज थोडा खाली आणला, शेवटचा स्वर तिच्यासारखा लांबवला आणि म्हणाले, "पानी."

पडद्यावर: पाणी. बरोबर आहे का?

नाही.

पाणी. बरोबर आहे का?

नाही. नाही.

पानी.

जोड मिळाली, अशी ओळ आली आणि तिच्या खाली आईची नोंद उघडली. तिने लिहिलेलं मी आयुष्यभर वाचलं होतं. फळ्यावरचं, प्रगतिपुस्तकातलं, मला वसतिगृहात पाठवलेल्या पत्रांतलं. त्यात कुठे वेलांटी चुकलेली आठवत नाही. हे वेगळं होतं.

"मी रत्नमाला आवघडे. मराठीची बाई व्हते. माझी पोरगी आठवीत, प्रार्थनेला चक्कर येऊन पडली, तवा मी वरडले, कुनीतरी पानी आना. तवापासनं पोरं तिला पानी म्हनायला लागली. मी वर्गात असताना बी म्हनायची. मला ऐकू यायचं. मी फळ्याकडं तोंड करून लिहीत ऱ्हायचे. बोलले असते तर सगळ्यांनी म्हटलं असतं, बाईंचंच बोलनं हाय की. घरी आल्यावर पोरीला जवळ घ्यायचं सोडून तिला ण घोकायला लावला. मागच्या बाकांवरनं माझी नक्कल चालायची, कल्यानी, पानी आना. त्यात एक आवाज लई हुबेहूब व्हता. वळले असते तर कोन ते दिसलं असतं. मी वळले न्हाई. तिनं मला कधी सांगितलं न्हाई आन मी कधी विचारलं न्हाई."

त्याखाली, त्रास देणाऱ्याचं नाव. तिथे तिने सांगितलं होतं, "मी."

मी ते तीनदा वाचलं. सुट्टी असल्यामुळे सगळा मजला रिकामा होता. खाली रखवालदार फोनवर कुणाशी तरी भाजीच्या पिशवीबद्दल बोलत होता, ते इतक्या वरपर्यंत ऐकू येत होतं.

मग पडद्यावर माझी नोंद आली, कारण जोडीतल्या दोन्ही नोंदी पुऱ्या व्हाव्या लागतात. माझी अर्धीच होती. यंत्राने विचारलं, त्रास देणाऱ्याचं नाव?

माझ्या मनात अठरा नावं होती. हजेरीच्या क्रमाने मला ती आजही येतात. त्यांनी जे केलं ते केलंच होतं, आणि ती नावं मी सांगितली, एकेक करून, आडनावासकट. यंत्र लिहीत गेलं.

अजून कुणी? यंत्राने विचारलं. हा प्रश्न ते नेहमीच विचारतं.

आठवीच्या जानेवारीत कधीतरी मला कळलं होतं, की आईच्या तासाला मागच्या बाकावर जाऊन सगळ्यांआधी आपणच म्हटलं तर ते आपल्याला म्हणत नाहीत. हसतात, पण आपल्यासोबत हसतात. जागा सरकवून देतात. बाटलीही पुढे करतात. ते पाणी मी प्यायले होते. समोर आई फळ्याकडे तोंड करून लिहीत असायची, आणि तिचा खडू मध्येच थांबायचा.

यंत्र वाट पाहत होतं. ते कितीही वेळ वाट पाहतं, मुलांना घाई वाटू नये म्हणून. मी पडद्याकडे पाहिलं नाही. कुठे पाहायचं ते मला कळत नव्हतं.

"आई," मी म्हणाले, "तो आवाज माझा होता."